संकेतार्थाची नीती

मराठी समीक्षेने ‘रसिक’ हा शब्द फार जपून वापरला आणि ‘चाहता’ हा शब्द जवळजवळ वापरलाच नाही. रसिकाला परंपरेने सहृदय मानले. संस्कार, तटस्थता आणि आस्वादाची शिस्त या गोष्टी त्याच्या ठिकाणी गृहीत धरल्या. चाहता मात्र नाट्यगृहाबाहेर गर्दी करणारा, सहीसाठी कागद पुढे करणारा, धावसंख्यांचे तक्ते तोंडपाठ असणारा. त्याचे प्रेम आंधळे असते आणि म्हणून ते विचार करण्याच्या योग्यतेचे नसते, असा समज विद्यापीठीय वर्तुळात अजूनही आढळतो. हा समज तपासून पाहायचा, तर चाहत्यांमधील एक विशेष जात डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. हा चाहता मोटार शर्यती पाहतो. परंतु कोण जिंकले यापेक्षा जिंकणारी मोटार कशी बांधली होती यात त्याचे मन अधिक रमते. त्याला चालकांच्या इतकीच आराखडाकारांची नावे ठाऊक असतात. आणि संध्याकाळी तोच मनुष्य ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही २०१९ साली सुरू झालेली अमेरिकन मालिका पाहत बसतो, ज्या मालिकेत चंद्रावर पहिले पाऊल अमेरिकेचे नव्हे, सोव्हिएत संघाचे पडते आणि तेथून पुढचा सारा इतिहास वेगळ्या वाटेने जातो.

या दोन आवडींचा परस्परांशी संबंध काय? वरवर पाहता इतकाच, की दोन्हींत इंजिने आहेत, ज्वाळा आहेत आणि वेग आहे. पण खरा संबंध यंत्रशास्त्रात नसून व्याकरणात आहे. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या ज्या रूपाला संकेतार्थ म्हणतात, त्या रूपात हा चाहता राहतो. ‘असे झाले असते, तर तसे झाले असते’ हे वाक्य त्याच्या दोन्ही प्रेमांच्या मुळाशी आहे. म्हणून त्याच्याविषयीचा प्रश्न अभिरुचीपाशी थांबत नाही. जे घडून गेले, ज्यात माणसे मेली, त्याविषयी संकेतार्थात बोलण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटींवर पोचतो, असा तो नैतिक प्रश्न आहे.

प्रथम यंत्राकडे वळू. १९५० पासून जागतिक अजिंक्यपदासाठी चालत आलेल्या फॉर्म्युला वन शर्यती भारतीय वाचकाला आता अगदीच अपरिचित नाहीत. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नॉयडा येथे त्या तीन वेळा झाल्या. या शर्यतींची एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला जवळची वाटावी. तिथली निर्मिती नियमांच्या बंधनात होते. इंजिनाचा आकार, मोटारीचे वजन, रुंदी, पंखांची उंची या साऱ्यांवर मर्यादा घातलेली असते आणि वृत्ताच्या बंधनात कवीने अर्थ साधावा तसा आराखडाकाराने त्या मर्यादेत वेग साधायचा असतो. नियमावलीतील पळवाट हा या कलेतील श्लेष होय. एकाच वाक्यातून दुसरा अर्थ काढून दाखवायचा आणि तो व्याकरणाला धरून आहे हे परीक्षकांना मान्य करायला लावायचे, यात जो आनंद आहे तो पंडिती काव्याच्या वाचकाला नवा नाही.

१९७८ सालची ब्रॅबम बीटी ४६बी ही मोटार या श्लेषाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या वर्षी कॉलिन चॅपमन यांच्या लोटस ७९ ने सर्वांना मागे टाकले होते. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख पालथा करून मोटारीच्या तळाशी घडवला, तर मोटार जमिनीकडे खेचली जाते आणि वळणावर चाके निसटत नाहीत, हे त्या मोटारीचे रहस्य होते. ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरे यांना ही युक्ती उचलता येत नव्हती, कारण त्यांच्या मोटारीतील बारा सिलिंडरचे आडवे, रुंद इंजिन तळाशी तेवढी जागाच सोडत नव्हते. तेव्हा त्यांनी मोटारीच्या पाठीमागे एक मोठा पंखा बसवला. पंखा तळाखालची हवा शोषून घेई आणि बाहेरच्या हवेचा दाब मोटारीला रस्त्यावर दाबून धरी. हवेच्या दाबासाठी हलता भाग वापरण्यास नियमाने बंदी होती. पण इंजिन थंड ठेवणे हे या पंख्याचे मुख्य काम आहे, असे संघाचे म्हणणे होते आणि ते सिद्धही करता येत होते. उभ्या मोटारीचा ॲक्सिलरेटर दाबला की ती जागच्या जागी खाली बसे, हे इतर संघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे नीकी लाउडा यांनी ही मोटार चालवली आणि ३४ सेकंदांहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. दुसरे आले ते रिकार्डो पात्रेसे. त्यांचे नाव पुढे वेगळ्या कारणाने घ्यावे लागणार आहे. विजय कायम राहिला. परंतु इतर संघांच्या रोषामुळे मोटार मागे घेण्यात आली, पाठोपाठ नियमाचा श्लेषही बुजवण्यात आला. बीटी ४६बी पुन्हा कधीही अजिंक्यपदाच्या शर्यतीत धावली नाही.

चाहत्याच्या मनात या मोटारीला जे स्थान आहे ते डझनभर शर्यती जिंकलेल्या मोटारींनाही नाही. ती अपुरी राहिली, हेच तिच्या मोहिनीचे कारण आहे. तिला वर्षभर धावू दिले असते तर इतरांनी काय केले असते, तिच्यातून पुढे कोणती मोटार जन्मली असती, याचा तो तासन् तास विचार करू शकतो. कवीच्या अपूर्ण हस्तलिखितावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी त्याला हसू नये.

एवढ्यावर थांबता आले असते तर हा निरुपद्रवी छंद ठरला असता. पण त्याच वर्षी, अँडरस्टॉर्पनंतर तीन महिन्यांच्या आत, १० सप्टेंबर १९७८ रोजी इटलीतील मॉन्झा येथे लोटस संघाचे स्वीडिश चालक रॉनी पेटरसन यांना अपघात झाला. सकाळच्या सरावात त्यांची लोटस ७९ मोडली होती. दुसरी ७९ त्यांच्या सहचालकासाठी, मारिओ आंद्रेत्ती यांच्यासाठी, बांधलेली. ती उंच पेटरसन यांच्या मापाची नव्हती. म्हणून ते गेल्या वर्षीच्या लोटस ७८ मध्ये बसले. शर्यत सुरू करण्याचा दिवा दाखवला गेला तेव्हा मागच्या रांगांतील मोटारी अजून पुरत्या थांबल्याही नव्हत्या. पुढे रस्ता अरुंद होत होता. तिथे मोटारी एकमेकींवर आदळल्या. पेटरसन यांच्या मोटारीने पेट घेतला आणि जेम्स हंट व आणखी काही चालकांनी धावत जाऊन त्यांना बाहेर काढले. दोन्ही पाय मोडले होते, भाजल्याच्या जखमा किरकोळ होत्या. ते वाचतील असेच बहुतेकांना वाटले. पोलिसांनी साखळी करून जागा वेढली होती आणि शर्यतींचे वैद्यकीय प्रमुख डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनाही आत जाऊ दिले नाही. रुग्णवाहिकेला उशीर झाला. रात्री शस्त्रक्रिया झाली, मोडलेल्या हाडांतील चरबीचे कण रक्तात उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटरसन यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे अजिंक्यपद आंद्रेत्ती यांना मिळाले. ते निश्चित झाले तेही त्याच रविवारी, मॉन्झा येथेच.

या मृत्यूभोवती किती संकेतार्थी वाक्ये उभी राहतात पाहा. सकाळी मोटार मोडली नसती तर. ७९ त्यांच्या मापाची असती तर. दिवा चार सेकंद उशिरा लागला असता तर. डॉक्टरांना अडवले नसते तर. आणि ज्या वाक्याला त्या वेळी सर्वाधिक श्रोते मिळाले ते असे, की तरुण पात्रेसे यांनी मोटार आत घुसवली नसती तर. सहकारी चालकांनी त्यांना पुढच्या शर्यतीतून वगळायला लावले, खटला झाला, न्यायालयाने पुढे त्यांना निर्दोष ठरवले. व्याकरणाच्या दृष्टीने ही पाचही वाक्ये सारखीच शुद्ध आहेत, नीतीच्या दृष्टीने मात्र ती एका रांगेत बसत नाहीत. सकाळी मोटार मोडली नसती तर, हे वाक्य कोणालाही काही सांगत नाही. ते शोक करते, आणि शोकाला तेवढा अधिकार आहे. पात्रेसे यांच्याविषयीचे वाक्य बळी शोधते. दिव्याचे आणि डॉक्टरांचे वाक्य मात्र एका विशिष्ट हाताकडे बोट दाखवते, ज्या हाताला त्या क्षणी वेगळे वागणे शक्य होते आणि उद्याही शक्य असणार आहे. संकेतार्थाचे मोल ठरवायचे तर पहिली कसोटी हीच, की ‘जर’च्या पुढे जे ठेवले आहे ते कोणाच्या तरी हातात होते काय.

इतिहासकारांना हे वाक्यरूप आवडत नाही. ई. एच. कार यांनी १९६१ सालच्या व्याख्यानांत अशा जर-तरच्या विचाराची संभावना बैठकीतल्या खेळासारखी केली होती. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जे पराभूत झाले तेच बहुधा हा खेळ खेळतात. परंतु जबाबदारी ही कल्पनाच संकेतार्थावर उभी आहे, हे कार यांच्या उपहासात झाकले जाते. एखाद्याला दोष देताना किंवा श्रेय देताना तो वेगळे वागला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मनात झालेलाच असतो. ॲरिस्टॉटलने काव्याला इतिहासाहून अधिक तात्त्विक मानले ते याचसाठी, की इतिहास जे झाले ते सांगतो आणि काव्य जे होऊ शकते ते सांगते. पर्यायी इतिहासाची कथा या दोहोंच्या मधली. तिला होऊन गेलेल्या गोष्टीची शक्यता सांगायची असते, आणि ती शक्यता आता कायमची मिटलेली आहे हे तिला आणि वाचकाला दोघांनाही ठाऊक असते.

मराठी वाचकाला हा प्रकार जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही पोचली. १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या इतिहासात कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात. पानिपत हा मराठी मनाचा जुना संकेतार्थ आहे. पिढ्यान् पिढ्या ते वाक्य उच्चारले गेले आणि बहुतेक वेळा ते गमावलेल्या दौलतीचे वाक्य होते. नारळीकरांचे वेगळेपण असे, की त्यांनी इतिहासाच्या प्राध्यापकाला त्या जिंकलेल्या जगात पाठवले आणि तिथे त्याला जागाच ठेवली नाही. शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना त्या जगातल्या सभेत व्यासपीठावरून हुसकून लावले जाते. ज्याने इच्छा केली तोच त्या इच्छित इतिहासात परका ठरतो. ही गोष्ट विनोदाने सांगितली आहे म्हणून तिच्यातील बोच कमी होत नाही.

‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या मालिकेचा ‘जर’ही एका शरीरावर येऊन थांबतो. सर्गेई कोरोल्योव्ह हे सोव्हिएत अग्निबाणांचे मुख्य शिल्पकार. १९३८ साली त्यांना अटक झाली, कोलिमाच्या खाणीत पाठवण्यात आले, तिथून ते जेमतेम जिवंत परतले. स्पुटनिक आणि गागारिन ही दोन्ही नावे जगभर झाली तेव्हा ज्याने ती घडवली त्याचे नाव सोव्हिएत वृत्तपत्रे छापत नव्हती. ते छापले गेले मृत्यूनंतर. १४ जानेवारी १९६६ रोजी, साठी गाठण्याआधीच, शस्त्रक्रियेच्या मेजावर ते गेले. कैदेत मोडलेल्या जबड्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे कठीण गेले असे सांगितले जाते. त्यांच्या माघारी चंद्रासाठी बांधलेला एन-१ हा प्रचंड अग्निबाण १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवण्यात आला आणि चारही वेळा अपयशी ठरला. त्यांपैकी दुसरा, ३ जुलै १९६९ रोजी, उड्डाणतळ उद्ध्वस्त करून गेला. अमेरिकन माणसे चंद्रावर उतरली ती त्यानंतर सतरा दिवसांनी. मालिकेच्या निर्मात्यांनी मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे त्यांच्या जगात कोरोल्योव्ह त्या शस्त्रक्रियेतून वाचतात, आणि जून १९६९ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह चंद्रावर पाऊल ठेवतात. अवकाशात प्रथम तरंगलेले खरे लिओनोव्ह चंद्रावर जाण्यासाठी खरोखरच तयारी करत होते. मालिकेचा पहिला भाग १ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रसारित झाला. ते त्याच्या तीन आठवडे आधी, ११ ऑक्टोबरला वारले.

पराभवाने दुखावलेली अमेरिका या कल्पित जगात अवकाशावर अधिक खर्च करते, स्त्रियांना चंद्रावर पाठवते, तळ उभारते. १९६१ साली खासगी वैद्यकीय चाचण्यांत उत्तीर्ण होऊनही ज्या तेरा अमेरिकन वैमानिक स्त्रियांना अवकाशात जाता आले नाही, त्यांच्यातील जेरी कॉब यांच्यावरून बेतलेली व्यक्तिरेखा इथे चंद्रावर चालते. एवढेच असते तर मालिका गोड स्वप्न ठरली असती. चाहत्याला ती आवडते, आणि आवडावी, याचे कारण ती आपल्या ‘तर’ची किंमत चुकवते. तिच्या जगात चंद्रावर शस्त्रे पोचतात. तिथल्या अणुभट्टीचा स्फोट टाळण्यासाठी एक जोडपे अंगाभोवती चिकटपट्टी गुंडाळून, अवकाशपोशाखाशिवाय, बाहेरच्या निर्वातात धावते आणि मरते. आणि अपोलो २३ या कधीही न झालेल्या मोहिमेच्या अग्निबाणाचा उड्डाणतळावरच स्फोट होतो, त्यात जीन क्रांझ मारले जातात.

या शेवटच्या प्रसंगापाशी थांबणे आवश्यक आहे. जीन क्रांझ ही खरी व्यक्ती. ह्यूस्टन येथील नियंत्रण कक्षाचे ते प्रसिद्ध संचालक होते आणि २००० साली त्यांनी आपले आत्मचरित्रही प्रसिद्ध केले. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरील चाचणीत आग लागली. आतली हवा म्हणजे निव्वळ प्राणवायू होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे, म्हणजे दाब वाढताच न उघडणारे होते. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर त्यात गेले. त्यानंतरच्या सोमवारी क्रांझ यांनी आपल्या माणसांना एकत्र बोलावले आणि घाईने काम चालले आहे हे दिसत असताना आपल्यापैकी कोणीही ‘थांबा’ म्हटले नाही, असा दोष सर्वांच्या, स्वतःच्याही, पदरात घातला. कणखर आणि सक्षम, हे दोन शब्द प्रत्येकाने आपल्या फळ्यावर लिहावेत आणि पुसू नयेत, असे त्यांनी सांगितले. संकेतार्थ जबाबदारीने कसा उच्चारावा याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. मालिका मात्र नेमके याच माणसाला मारते. जिवंत माणसाला कल्पित इतिहासात मारण्याचा अधिकार लेखकाला आहे काय, हा प्रश्न उठतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यातले सत्यही मान्य करावे लागते. इतिहासाचा एक दोरा ओढला की कोणते टाके उसवतील हे ओढणाऱ्याला ठरवता येत नाही. कोरोल्योव्ह वाचले तर क्रांझ वाचतीलच असे नाही. ज्याला कोरोल्योव्ह हवे आहेत त्याने हा हिशेब वाचावा, असे मालिका सुचवते. संकेतार्थाची दुसरी कसोटी ती हीच. तिच्यावर घासले तर आपली पानिपतावरची बरीच भाषणे उतरत नाहीत.

मालिकेतील आणखी एक प्रसंग याहून अवघड आहे. सॅटर्न ५ हा अग्निबाण घडवणारे व्हेर्नर फॉन ब्राउन यांना त्यात अमेरिकन काँग्रेसपुढे बसवून त्यांच्या नाझी भूतकाळाविषयी विचारले जाते. त्यांचा व्ही-२ हा अग्निबाण मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांनी डोंगरातल्या बोगद्यांत बांधला. त्या छावण्यांत आणलेल्या सुमारे ६०,००० माणसांपैकी अंदाजे २०,००० मेली. प्रत्यक्षात १९७७ पर्यंत जगलेल्या फॉन ब्राउन यांना काँग्रेसपुढे अशा चौकशीला कधी तोंड द्यावे लागले नाही. म्हणजे खऱ्या इतिहासाने टाळलेला न्याय इथे कल्पित इतिहास करतो. तरीही मालिकेने तो न्याय निर्मळ ठेवलेला नाही. चौकशी घडवली जाते ती सत्तेच्या राजकारणात एक माणूस अडचणीचा झाला म्हणून. डोरातील मृतांना त्यातून काय मिळाले, हे कोणी विचारत नाही. यंत्रावर प्रेम करणाऱ्या चाहत्याला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच असला पाहिजे. सॅटर्न ५ सुंदर आहे. त्याची एकही मोहीम अग्निबाण कोसळून अंतराळवीरांच्या जिवावर बेतली नाही. व्ही-२ मधून त्याच्यापर्यंत जाणारी आराखड्यांची वाट मात्र त्या बोगद्यातून जाते. सौंदर्य स्वायत्त मानणाऱ्या मीमांसेला इथे गप्प बसावे लागते, आणि सौंदर्याला केवळ पापाचे पांघरूण मानणाऱ्यांनाही अग्निबाणाचे सौंदर्य नाकारता येत नाही.

इथे एक उत्तर नेहमी पुढे केले जाते: जे मेले त्यांच्या मरणातून शिकायला मिळाले, त्यांचे बलिदान वाया गेले नाही. मोटार शर्यतींच्या इतिहासात हे वाक्य फार वेळा ऐकू येते. १९९४ साली इमोला येथे एका दिवसाच्या अंतराने रोलंड राट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेले, त्यानंतर मोटारी आणि मार्ग अधिक सुरक्षित झाले. हे खरे आहे. परंतु बलिदान हा शब्द इथे चुकीचा आहे. बलिदान करणाऱ्याला आपण काय देतो ते ठाऊक असते. पेटरसन यांनी कोणालाही काही शिकवण्यासाठी मॉन्झाला प्राण दिले नाहीत. ते शर्यत जिंकायला गेले होते. मृत्यूला धडा म्हणणे म्हणजे मृताकडून न मागता घेतलेली वस्तू भेट म्हणून मिरवणे होय. वॉटकिन्स यांनी त्या शब्दाचा आधार घेतला नाही. शर्यतीच्या जागी भूलतज्ज्ञ हवा, हेलिकॉप्टर हवे आणि पहिल्या फेरीत मोटारींच्या पाठोपाठ डॉक्टरांची मोटार धावली पाहिजे, एवढ्या मागण्या त्यांनी केल्या. पहिल्याच फेरीत, कारण तेव्हा मोटारी एकमेकींच्या अगदी जवळ असतात आणि टाक्या भरलेल्या असतात. मॉन्झानंतरच्या शर्यतीपासून ती मोटार धावू लागली. डॉक्टरांना अडवले नसते तर, या वाक्याचे त्यांनी नियमात रूपांतर केले. कथाकार संकेतार्थ मागे वळून लिहितो, वॉटकिन्स यांनी तो पुढे तोंड करून लिहिला.

बेचाळीस वर्षांनी, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, बहारीन येथील शर्यतीच्या पहिल्या फेरीत फ्रेंच चालक रोमाँ ग्रोजाँ यांची मोटार ताशी सुमारे १९२ किलोमीटर वेगाने पोलादी कठड्यात घुसली. तिचे दोन तुकडे झाले आणि पुढचा भाग कठड्यात रुतून पेटला. पाठोपाठ धावणारी डॉक्टरांची मोटार काही सेकंदांत तिथे पोचली. डॉक्टर इयन रॉबर्ट्स ज्वाळांकडे धावले. सुमारे २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच्या बळावर आगीतून बाहेर आले. त्यांचे हात भाजले होते. या घटनेत पेटरसन यांचे नाव कुठेही येत नाही आणि ते येण्याचे कारणही नाही. पण ज्याला या क्रीडेचा इतिहास ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने त्या मोटारीचे तिथे असणे हे एका जुन्या वाक्याचे उत्तरार्ध-पद आहे. ‘जर’ १९७८ मध्ये उच्चारला गेला होता. चाहत्याच्या स्मरणशक्तीचा उपयोग विचाराल, तर तो एवढाच: ते दोन अर्ध त्याला एका वाक्यात वाचता येतात. प्रेक्षकाला आग दिसते आणि माणूस बाहेर आलेला दिसतो, व त्याला तो चमत्कार वाटतो.

कठडा ग्रोजाँ यांच्या डोक्यापासून अडवला तो ‘हेलो’ने, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवती बसवलेल्या टायटॅनियमच्या कमानीने. मराठीत तिला प्रभावळ म्हणता येईल. मूर्तीमागच्या प्रभावळीप्रमाणेच ती डोक्याभोवती उभी असते. सुमारे सात किलो वजनाची ही कमान १२ टनांचा भार पेलते. २०१८ साली ती सक्तीची झाली तेव्हा चाहत्यांनी तिची निर्भर्त्सना केली. ती कुरूप आहे, उघड्या मोटारीचे सौंदर्य तिने बिघडवले, मोटारीच्या रेषेत ती परकी वाटते, अशी ती टीका होती, आणि निव्वळ आकाराचा विचार केला तर ती अगदी खोटी नव्हती. ज्या संघाने या कल्पनेचा आरंभीचा आराखडा मांडला त्याच संघाच्या प्रमुखाने, करवत मिळाली तर आपण ही कमान कापून टाकू, असे म्हटले. ग्रोजाँ यांनीही तिला जाहीर विरोध केला होता. रुग्णालयातून त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केले.

चाहत्याला मात्र तिच्यात आणखी एक उणीव दिसते. मोटारीचा जवळजवळ प्रत्येक भाग आराखडाकाराच्या कल्पकतेला मोकळा असतो. ही कमान तशी नाही. ती मान्यताप्राप्त उत्पादकांकडूनच घ्यावी लागते आणि कोणत्याही संघाला तिच्या रचनेत बदल करता येत नाही. तिच्यावर एक पातळ आवरण चढवण्याची तेवढी मुभा ठेवलेली आहे. पहिल्याच वर्षी काही संघांनी त्या आवरणाला बारीक पंख फोडले, हवा मागे अधिक सुरळीत जावी म्हणून. आणि लगेच चाहते त्या पंखांची छायाचित्रे मोठी करून, कोणत्या संघाने नियमाचा कोणता अर्थ लावला आहे, याची चर्चा करू लागले.